पाच मिनिटं बाहेर

इंजिन मुठीत मावतं. वजन पाव किलोच्या वर, अर्ध्या किलोच्या आत. क्षमता 3.5 सीसी. आपल्या रस्त्यांवरची 97 सीसीची स्प्लेंडर साधारण 8 हॉर्सपॉवर देते. हे इंजिन, बनवणाऱ्यांचा दावा मानला तर, 2 च्या पुढे जातं. मिनिटाला 30 ते 40 हजार फेरे मारत असल्यामुळे त्याला ते जमतं. रिमोटवर पळणाऱ्या 1:8 मापाच्या बग्गीत ते बसवतात आणि त्याला नायट्रो म्हणतात.

या इंजिनाला रेडिएटर नाही, ऑइल पंप नाही, ठिणगी पाडणारा प्लग नाही. वंगण, गारवा आणि पेट घेण्याची वेळ या तिन्ही गोष्टी मुख्यतः इंधनातून येतात. त्यामुळे कार्बोरेटरची सुई जरा इकडेतिकडे झाली की फक्त ॲव्हरेज कमीजास्त होत नाही, तेल कमी होतं, ताप वाढतो आणि जळण्याची वेळही सरकते.

पुण्याबाहेर मुरूम टाकलेल्या एका मैदानावर रविवारी सकाळी ही मंडळी जमतात. गाड्या बहुतेक बॅटरीच्या झाल्यात, आणि त्यात नवल नाही: बटण दाबलं की पळतात, हात काळे होत नाहीत. नायट्रोवाले दोन-तीनच उरलेत आणि त्यांची इंजिनं लावून देतात ते काका. भोसरीच्या एमआयडीसीत लेथवर आयुष्य गेलेलं. मी तिथे जातो तो बघायला. काकांनी हळूहळू तापमान मोजायची बंदूक माझ्या हातात दिली आहे, एवढंच.

त्या दिवशी इंजिनिअरिंगला असलेला एक मुलगा नवीन पिस्टन-लायनर बसवलेलं इंजिन घेऊन आला होता. प्लग काढलेला होता. काकांनी फ्लायव्हील बोटाने फिरवलं. खालून वर येईपर्यंत ते सहज फिरलं आणि अगदी वरच्या टोकाला अडकलं.

"काका, जाम आहे का?"

"जाम नाही, चांगलं आहे."

लायनर पितळेचा असतो, आतून क्रोमचा थर. पिस्टन ॲल्युमिनियमचा, आणि त्याला रिंग नसते. लायनर वरच्या बाजूला किंचित निमुळता केलेला असतो, त्यामुळे थंड असताना पिस्टन तिथे बाटलीतल्या बुचासारखा घट्ट बसतो. इंजिन तापलं की पितळ ॲल्युमिनियमच्या मानाने पुरेसं फुगतं आणि मगच दोघांमध्ये हवी तेवढी फट तयार होते. थोडक्यात, हे इंजिन गरम असतानाच बरोबर मापाचं असतं. म्हणून काका आधी घरचा हेअर ड्रायर काढून हेडवर धरतात, हात लावला तर चटका बसेल इतकं तापवतात आणि मगच स्टार्टर बॉक्सवर गाडी ठेवतात. नवीन इंजिन टाकीच्या टाक्या नुसतं आयडलवर, धुराच्या लोटात, थंडगार चालवून रनिंग-इन करायची जुनी पद्धत अजून पुष्कळ जण सांगतात. मला ती पटत नाही. थंड इंजिनात पिस्टन त्या अरुंद तोंडात दर फेऱ्याला घासला जातो आणि जी पकड जपायची तीच झिजते. काका मिश्रण थोडं जाड, म्हणजे इंधन जास्त, ठेवतात, पण 90-100 अंशांपर्यंत नेऊन थोडा वेळ चालवतात, बंद करतात, गार होऊ देतात, पुन्हा चालवतात. बंद केल्यावर पिस्टन खालीच थांबला पाहिजे, नाहीतर गार होताना लायनर त्याला आवळतो. त्यासाठी फ्लायव्हीलवर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलेला असतो. ठिपका वर आला की पिस्टन खाली.

प्लगमध्ये प्लॅटिनम असलेल्या तारेची बारीक गुंडाळी असते. सुरू करताना दीड व्होल्ट देऊन ती लाल करायची आणि इंजिनाने धरलं की वीज काढून घ्यायची. मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमला लागली की तिथेच उष्णता निर्माण होते, शिवाय मागच्या स्फोटाची धग असतेच; तेवढ्यावर गुंडाळी तापलेली राहते. 1947च्या सुमारास रे आर्डन या अमेरिकन माणसाने हा ग्लो प्लग बाजारात आणला आणि मॉडेलच्या इंजिनांवरचं कॉइल-पॉइंटचं ओझं गेलं. त्याबरोबर टायमिंग फिरवायची सोयही गेली. आता पेट कधी घ्यायचा हे ठरवतात प्लगची जात, हेडखालचे 0.1-0.2 मिलिमीटरचे तांब्याचे शिम आणि मिश्रण.

इंधनात मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल असतं. पेट्रोलच्या एका ग्रॅमला जळायला सुमारे 14.7 ग्रॅम हवा लागते, मिथेनॉलला साडेसहाच्या आत, नायट्रोमिथेनला अवघी 1.7, कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. तेवढ्याच हवेत कितीतरी जास्त इंधन जाळता येतं, जोर तिथून येतो. हे इंधन आपल्याकडे मिळवणं हाच एक उद्योग आहे. महाग, विमानाने सहसा येत नाही, आणि युरोपातही 2021 पासून सामान्य ग्राहकाला 16 टक्क्यांपेक्षा जास्त नायट्रोमिथेन असलेलं मिश्रण सहजासहजी घेता येत नाही, कारण त्याचा स्फोटकांसाठीही उपयोग होतो. मिथेनॉलबद्दल आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको. 2015 साली मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली ती त्यानेच. काका हातमोज्यांशिवाय बाटली उघडत नाहीत आणि जवळ कुणाला विडी पेटवू देत नाहीत. उन्हात मिथेनॉलची ज्योत जवळजवळ दिसतच नाही.

इंजिन सुरू झालं. पहिल्या काही टाक्या तसंच गरम-गार करण्यात गेल्या. मग काकांनी बारीक स्क्रू ड्रायव्हर काढला. कार्बोरेटरवर तीन जागा: हाय स्पीडची सुई, लो स्पीडची सुई आणि आयडलचा स्क्रू. क्रम हाच ठेवायचा. आधी आयडल नीट करायला गेलात तर दिवसभर तेच करत बसाल. सुईच्या डोक्यावरची खाच घड्याळाचा काटा समजायची आणि फिरवायचं ते मिनिटांत. पाच मिनिटं आत म्हणजे मिश्रण पातळ, पाच मिनिटं बाहेर म्हणजे जाड. एका वेळी पाचपेक्षा जास्त नाही, आणि प्रत्येक वेळी दोन फेऱ्या मारूनच पुढचा निर्णय.

पोराने सरळ पट्ट्यावर पूर्ण थ्रॉटल दिला. गाडी गुरगुरत, अडखळत गेली, मागे निळसर धुराची जाड रेघ.

"जाड आहे. पाच आत."

परत गेली. आवाज मोकळा झाला. आणखी पाच आत. आता ती शिटी वाजवत गेली, धूर बारीक झाला, आणि पोराचा चेहरा फुलला.

"काका, अजून पाच?"

काकांनी उत्तर दिलं नाही. "थ्रॉटल सोड" म्हणाले. त्याने सोडला. आवाज लगेच खाली यायला हवा होता. तो क्षणभर वरच लटकला आणि मग सावकाश उतरला. मी बंदूक हेडवर, प्लगच्या जागी धरली. 118. साधारण 100 ते 120 हा ठीक पट्टा धरतात, म्हणजे आकडा बोलायला जागा देत नव्हता. पण काकांनी सुई पाच मिनिटं बाहेर काढली.

मला या कामातली अवघड जागा हीच वाटते. मिश्रण पातळ करत गेलं की इंजिन प्रत्येक पायरीला आधीपेक्षा चांगलं वाजतं, जोरात ओढतं, आणि सीझ व्हायच्या आधीची फेरी बहुतेक सगळ्यात वेगवान असते. बिघाडाची खूण बिघाडासारखी दिसतच नाही. बंदुकीचा आकडाही अर्धाच खरा, कारण वारा कुठून येतो, बॉडीला भोक किती पाडलंय, प्लग कुठला, यावर तो दहा-पंधरा अंशांनी सहज हलतो. बंदूक हातात आल्यापासून पोरं आवाज ऐकायचं विसरली, असं काका म्हणतात. बंदूक माझ्याच हातात असल्याने मी वाद घालत नाही, पण त्यांचं बरोबर आहे.

लो स्पीडची परीक्षा वेगळी. इंजिन आयडलवर असताना काकांनी कार्बोरेटरजवळ इंधनाची नळी चिमटीत दाबली. आवाज जरासा चढला आणि दोन-तीन सेकंदांत इंजिन विझलं. असंच हवं. लगेच विझलं तर पातळ. चढतच राहिलं, खूप वेळाने विझलं तर जाड. मग गाडी दहा सेकंद आयडलवर ठेवून एकदम थ्रॉटल: धूर टाकत बसकण मारली तर जाड, धूर न काढताच मेली तर पातळ. इथे दहाएक मिनिटं गेली, बोलणं काहीच नाही.

नऊ वाजून गेले, ऊन वाढलं. पोरगा म्हणाला, "आता तापेल, सुई थोडी बाहेर काढू या." ऐकायला बरोबर वाटतं, असतं उलटं. हवा तापली की विरळ होते, ऑक्सिजन कमी येतो, म्हणजे सुई न हलवताही मिश्रण जाड होतं. दमट हवेतही तेच. मुंबईत लावलेलं इंजिन 560 मीटर उंचीच्या पुण्यात आणलं तर पाचेक टक्के विरळ हवेत ते जाड चालतं, आणि थंडीतल्या पहाटे तीच सुई पातळ ठरते. म्हणून सकाळी सातला लावलेल्या सुईला दुपारी आत घ्यावं लागतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आत बाहेर काढायचं लक्षात ठेवावं लागतं. जागतिक स्पर्धेत 1:8 बग्गीची अंतिम फेरी तासभर चालते, टाकी जास्तीत जास्त 125 सीसीची, त्यामुळे पुन्हा पुन्हा पिटमध्ये यावं लागतं, आणि तेवढा वेळ इंजिन एकदाही विझू द्यायचं नसतं. तिथले मेकॅनिक शेवटच्या पाच मिनिटांचा मोह सोडतात तो याचसाठी.

लावलेली सुई टिकत नसेल तर काका सुईला हात लावत नाहीत. आधी नळीला बारीक भोक आहे का बघतात, टाकीच्या झाकणाचं सील, सायलेन्सरकडून टाकीला दाब देणारी नळी, मग कार्बोरेटरचा तळ आणि मागची प्लेट. शेवटी सगळी तोंडं बुजवून, आत हलका दाब देऊन इंजिन पाण्यात धरायचं. बुडबुडा आला तिथून हवा ओढली जात होती. आणि सगळ्याच्या आधी फिल्टर. आपल्या मुरमाची धूळ म्हणजे पॉलिश पेपरच. फोम साबणाच्या पाण्याने धुवून, पूर्ण वाळवून, फिल्टर ऑइलमध्ये मळून बसवायचा, कोरडा कधीच नाही. फोमला चीर पडलेली गाडी काका सुरूच करू देत नाहीत. पोरं रागावतात, घरी जातात.

दुपारी गाड्या आवरायच्या वेळी खरं काम असतं, आणि ते करायचा सगळ्यांना कंटाळा. टाकी रिकामी करायची, आतलं उरलंसुरलं इंधन इंजिन चालवून संपवायचं. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, नायट्रोच्या ज्वलनातून आम्लं उरतात, आणि दोन्ही मिळून आधी क्रँकचं मागचं बेअरिंग खातात. काकांनी प्लग काढला, गुंडाळी उन्हात धरली. तार चकचकीत, आकार शाबूत. भोकातून आणि कार्बोरेटरमधून आफ्टर-रन ऑइलचे थेंब सोडले आणि फ्लायव्हील हाताने फिरवलं.

"परीक्षा आहे ना तुझी? मग आता पावसाळाभर गाडी पडून राहणार."

"हो काका."

"दर महिन्याला थोडं तेल सोडून फिरव. ठिपका वर ठेवून थांबव. आणि ती इंधनाची बाटली बूच घट्ट लावून कपाटात ठेव, बाल्कनीत नको. अर्धी आहे ना? दिवाळीत ती वापरू नकोस, नवीन आण."

"पण काका, अर्धी बाटली म्हणजे…"

"पिस्टन-लायनर कितीला पडला?"

पोराने आकडा सांगितला नाही. बाटली पिशवीत घातली आणि हेअर ड्रायरची वायर गुंडाळायला घेतली.