नसलेल्या पत्त्यावरची हाक

१९ जुलै २०२४, शुक्रवार. बीड जिल्ह्यातल्या ऑनलाइन सेवा केंद्रांचे ते धावपळीचे दिवस होते. एक रुपयात खरिपाचा पीक विमा भरायची मुदत १५ जुलैवरून ३१ जुलैपर्यंत वाढली होती आणि त्यातच लाडकी बहीण योजनेचे अर्जही सुरू होते. त्याच दिवशी जगभरातल्या एका संगणक-बिघाडामुळे मुंबई विमानतळावर अकासा या विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांना चेक-इन हाताने करावं लागत होतं. इंडिगोने देशात ठिकठिकाणी प्रवाशांच्या हातात पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास ठेवले. देशातल्या १० बँका आणि वित्तसंस्थांच्या कामात किरकोळ अडथळा आल्याचं रिझर्व्ह बँकेने सांगितलं. सरकारी कचेऱ्या ज्यावर चालतात त्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या जाळ्याला मात्र धक्का लागला नव्हता. जगभरात विंडोजचे सुमारे ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर येऊन थांबले, असा मायक्रोसॉफ्टचा अंदाज होता.

गेवराईच्या किंवा केजच्या केंद्रावरच्या साध्या संगणकांना याची झळ बसायचं कारणच नव्हतं. ज्या सुरक्षा प्रणालीमुळे हे घडलं, ती क्राउडस्ट्राइक कंपनीची ‘फाल्कन’ प्रणाली मुख्यतः मोठ्या कंपन्या विकत घेतात. पण बिघाडाचा प्रकार अगदी ओळखीचा होता. निळा पडदा आपल्याकडेही दिसतो. गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं, अर्ज अर्धा भरलेला असतो, आणि केंद्रचालक ‘मशीन उडालं’ म्हणून बटण दाबून मोकळा होतो. नेमकं काय उडालं, हे सहसा कुणी सांगत नाही.

ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा म्हणजे कर्नल. मेमरी, डिस्क, पडदा, वाय-फाय या सगळ्यांवर त्याचा थेट ताबा असतो. प्रत्येक उपकरणाची भाषा वेगळी, म्हणून उपकरण बनवणारी कंपनी कर्नलसाठी एक प्रोग्राम लिहून देते, तो ड्रायव्हर. असे बरेचसे ड्रायव्हर कर्नलच्या आतच, त्याच्याच अधिकाराने चालतात. खरी जोखीम इथे आहे.

मेमरीत प्रत्येक गोष्टीला पत्ता असतो. प्रोग्रामने पत्ता उच्चारला की प्रोसेसर आधी आपल्या तक्त्यात बघतो: ही नोंद आहे का, इथे वाचायची परवानगी आहे का, लिहायची आहे का. सातबारा बघितल्याशिवाय व्यवहार होत नाही, तसंच. गट नंबरच दप्तरात नसेल, किंवा तो दुसऱ्याच्या नावावर असेल, तर प्रोसेसर जागीच थांबतो आणि कर्नलला कळवतो. याला पेज फॉल्ट म्हणतात. दर वेळी तो अपघातच असतो असं नाही. डिस्कवर ठेवलेला भाग मेमरीत आणायचा राहिला असेल तर कर्नल तो आणतो, नोंद करतो आणि काम पुढे सुरू होतं. आपल्या संगणकावर हे सतत चालू असतं आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

साध्या प्रोग्रामने खोटा पत्ता दिला तर कर्नल त्याला बंद करतो. ब्राउझर गेला, बाकी सगळं शाबूत. पण खोटा पत्ता खुद्द कर्नलच्या आतल्या ड्रायव्हरनेच दिला, तर दाद कुणाकडे मागायची? त्याच्या वर कुणीच नाही. क्राउडस्ट्राइकच्या बाबतीत तेच झालं. फाल्कनचाही कर्नलमध्ये ड्रायव्हर होता, जरी तो कुठल्या उपकरणासाठी नव्हता. त्याच्यासाठी आलेल्या नव्या फाइलीत तपासणीसाठी २१ रकाने धरलेले होते, ड्रायव्हरच्या हातात मूल्यं २०च होती. एकविसावं वाचायला तो यादीच्या पलीकडे गेला, तिथे जे काही पडलेलं होतं तोच पत्ता समजून पुढे चालला आणि त्या पत्त्यावर नोंदच नव्हती. भारतीय वेळेनुसार सकाळी ९.३९ला निघालेली ती फाइल १०.५७ला मागे घेतली गेली. तेवढ्यात ८५ लाख मशीन पडली. हा ड्रायव्हर संगणक सुरू होतानाच चढतो, त्यामुळे मशीन पुन्हा लावलं की पुन्हा तेच. अनेक ठिकाणी एकेका संगणकापाशी जाऊन, सेफ मोडमध्ये ती फाइल काढून टाकावी लागली.

निळ्या पडद्याला लोक शिव्या घालतात. मला वाटतं, तो पडदा आपली राखण करतो. कर्नलमधला एखादा भाग चुकीच्या पत्त्यावर वाचतोय म्हटल्यावर तो चुकीच्या पत्त्यावर लिहितही असेल. अशा अवस्थेत मशीन चालू ठेवलं तर उद्या डिस्कवरच्या नोंदी बिघडतील आणि दोष कुठून आला हे सापडणारही नाही. म्हणून विंडोज सरळ थांबतं. लिनक्स, म्हणजे दुसरी एक ऑपरेटिंग सिस्टीम, जरा वेगळं वागतं: जमलं तर गुन्हेगार प्रोग्रामपुरती कारवाई करून बाकीचं चालू ठेवायचा प्रयत्न करतं, पण महत्त्वाच्या सर्व्हरवर तेही लगेच थांबेल अशी सोय जाणूनबुजून केलेली असते.

त्या शुक्रवारच्या घटनेत उपकरण कुठेच नव्हतं, होती ती साधी मेमरी. उपकरणाची स्वतःची मेमरी वाचायची वेळ आली की गोष्ट अजून नाजूक होते. ग्राफिक्स कार्ड, वाय-फाय कार्ड, आतली एनव्हीएमई डिस्क यांची रजिस्टरं, म्हणजे स्थिती आणि हुकूम ठेवायचे छोटे कप्पे, संगणकाच्या पत्त्यांमध्येच बसवलेली असतात. ड्रायव्हरला ती मेमरीसारखी दिसतात, वागतात मात्र वेगळी. नुसतं वाचल्यानेही काही रजिस्टरांची स्थिती बदलते. आणि मुख्य म्हणजे, मेमरी जागा सोडून जात नाही, उपकरण जातं. कार्ड सैल होतं, केबल निघते, उपकरण वीज वाचवायला झोपतं. तक्त्यात नोंद तशीच असते, पलीकडे उत्तर द्यायला कुणी नसतं.

मग काय होतं? आपल्या डेस्कटॉप-लॅपटॉपांवर बहुतेक वेळा फॉल्ट येतच नाही. वाचलेल्या आकड्याचे सगळे बिट १ होऊन येतात. ३२ बिटांच्या रजिस्टरात तो आकडा ४,२९,४९,६७,२९५. उपकरणाने खरोखर दिलेलं उत्तर आणि उपकरण नसल्याने आलेलं उत्तर दिसायला सारखंच. समजा, ड्रायव्हरने ‘रांगेत किती नोंदी आल्या?’ असं विचारलं आणि हा आकडा खरा मानून तेवढ्या वाचायला घेतल्या. काही क्षणांत तो भलत्याच मेमरीत शिरतो आणि पडदा निळा होतो. चांगला ड्रायव्हर हा आकडा दिसताच सावध होतो, उपकरण जागेवर आहे का हे दुसऱ्या रजिस्टरावरून ताडून बघतो, आणि नसेल तर काम रद्द करून वरच्या प्रोग्रामला ‘उपकरण नाही’ असा निरोप देतो. मोबाइलमधल्या एआरएम प्रोसेसरवर अशा वाचनाने थेट फॉल्ट येऊ शकतो आणि कर्नल जागीच कोसळू शकतो. तिथे आधी उपकरणाला जागं करणं आणि मगच हात लावणं, हा क्रम चुकवून चालत नाही.

अंगठ्याचा ठसा घेणाऱ्या थंब मशीनची वायर हलली तरी बहुतेकदा संगणक पडत नाही, त्याचंही कारण यातच आहे. यूएसबीवरच्या उपकरणाची मेमरी ड्रायव्हर थेट वाचतच नाही. निरोप पाठवतो आणि उत्तराची वाट बघतो. उत्तर आलं नाही तर चूक कळते, एवढंच.

फॉल्ट सावरायच्या काही वाटा फार सुंदर आहेत. वापरणाऱ्याच्या प्रोग्रामने दिलेला पत्ता खोटा असू शकतो, हे लिनक्सचा कर्नल गृहीतच धरतो. असा पत्ता वाचणाऱ्या ओळींची एक यादी आधीच बनवलेली असते: या ओळीवर फॉल्ट आला तर त्या ओळीवर जा आणि चूक परतवा. त्यामुळे मशीन चालू राहतं, खोटं बोलणाऱ्या प्रोग्रामला नकार मिळतो. ग्राफिक्समध्ये तर फॉल्ट हे कामाचंच हत्यार आहे. चित्राचा तुकडा कार्डाच्या मेमरीतून मुख्य मेमरीत हलवला की ड्रायव्हर जुनी नोंद खोडतो; प्रोग्रामने हात लावला की फॉल्ट येतो, आणि ड्रायव्हर नवी जागा शोधून नोंद करून देतो. कार्डच काढून घेतलं असेल तर काही ड्रायव्हर त्या जागी एक कोरं पान लावून देतात. प्रोग्राम त्यावर लिहीत राहतो, ते लिखाण कुठेच पोचत नाही, पण कर्नल सुरक्षित राहतो.

२०२४च्या त्या घटनेनंतर मायक्रोसॉफ्टने सुरक्षा कंपन्यांना कर्नलच्या बाहेर काम करता यावं यासाठी पावलं उचलली. लिनक्समध्ये डिसेंबर २०२२च्या ६.१ आवृत्तीपासून रस्ट भाषेला जागा मिळाली. मेमरीच्या कित्येक चुका ती भाषा प्रोग्राम चालण्याआधीच पकडते. जुने ड्रायव्हर मात्र अजून वर्षानुवर्षं आपल्या टेबलांवर चालणार आहेत.

तेव्हा केंद्रावर मशीन थांबलं की बटण दाबण्याआधी मोबाइलवर एक फोटो काढून ठेवावा. पडद्यावर ‘स्टॉप कोड’ असतो आणि काही वेळा खाली ‘व्हॉट फेल्ड’ म्हणून एका फाइलीचं नाव असतं, शेवटी टिंब आणि एस-वाय-एस ही अक्षरं. ते दोषी ड्रायव्हरचं नाव असण्याची शक्यता मोठी. वाय-फायचा असेल तर त्या कंपनीच्या संकेतस्थळावरून नवा ड्रायव्हर घ्यावा, ग्राफिक्सचा असेल तर कार्ड सैल नाही ना ते बघावं. दर वेळी वेगळंच नाव येत असेल तर बहुधा ड्रायव्हरचा दोष नाही. तेव्हा रॅम तपासायची.