लिहायला शिकलो पारावर



आपला मुलगा किंवा मुलगी कृषी महाविद्यालयात असेल, तर त्यांना विस्तार शिक्षण नावाचा एक विषय असतो. शेतकऱ्यांसाठी घडीपत्रिका, बातमी, आकाशवाणीचे भाषण कसे लिहावे, हे त्यात शिकवतात. मीही तो विषय शिकलो. वर्गात मला गुणही चांगले पडत. पण लिहिणे म्हणजे काय, हे मला एका मावशींनी शिकवले.

गोष्ट १९९० सालची. मी तिसऱ्या वर्षाला होतो. सरांनी रब्बी ज्वारीच्या बीजप्रक्रियेवर घडीपत्रिका लिहायला सांगितली. मी रात्र जागून लिहिली. "काणी रोगाच्या प्रतिबंधार्थ प्रति किलो बियाण्यास ४ ग्रॅम गंधकाची प्रक्रिया करणे हितावह ठरते," असे माझे पहिलेच वाक्य. मला ते फार भारदस्त वाटले. सरांनी वाचले आणि एवढेच म्हणाले, "आता हे गावात जाऊन वाच."

जवळच्या गावात पारावर दहा-बारा माणसे जमली. मी खड्या आवाजात वाचून दाखवले. सगळे गप्प. मग कडेला बसलेल्या एका मावशींनी विचारले, "बाळा, चार ग्रॅम म्हंजी किती? आन् हे पेरायच्या आधी करायचं का मागनं?"

मला घाम फुटला. माहिती सगळी बरोबर होती, पण ती ऐकून मावशींना काहीच करता येत नव्हते. काणी पडली की कणसात दाण्याच्या जागी काळी भुकटी भरते. म्हणजे माझ्या भारदस्त वाक्यापायी त्यांच्या घरची भाकरी जाणार होती.

परत आल्यावर मी सगळे फाडून नव्याने लिहिले: "एकराला ४ किलो बियाणे लागते. त्याला १६ ग्रॅम गंधक पुरते. १०० ग्रॅमची पुडी आणली तर सहा एकरांचे बियाणे होते. दोन-तीन घरांत मिळून एक पुडी आणा. पेरणीआधी बियाणे डब्यात घाला, वर ३०० मेशचे गंधक टाका, झाकण लावून चांगले हलवा. दाण्यादाण्याला गंधक लागले की पेरा. उरलेले बियाणे खाऊ नका, जनावरांनाही घालू नका."

पुढच्या आठवड्यात तेच पारावर वाचले. मावशींनी ऐकले आणि शेजारी बसलेल्या सुनेला जसेच्या तसे सांगितले. त्या दिवशी मला माझे खरे गुण मिळाले.

तेव्हापासून मी तीन गोष्टी पाळतो. काम ज्या क्रमाने करायचे, त्याच क्रमाने लिहायचे. माप एकराचे आणि घरातल्या डब्याचे सांगायचे. आणि ज्याला ते काम करायचे आहे, त्याला छापण्याआधी वाचून दाखवायचे. ही रीत जुनीच आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेव्हा त्यातला मजकूर ओतूर, हडपसर अशा गावांत लोकांना वाचून दाखवला होता.

आता तुमच्याकडे एक मागणे. शेवटच्या वर्षाची मुले-मुली कृषीदूत, कृषीकन्या म्हणून गावात येतात. तक्ते लावतात, माहिती वाचून दाखवतात. आपण पाहुणे म्हणून त्यांना चहा देतो, मान हलवतो आणि उठून जातो. तसे करू नका. जिथे अडेल तिथे त्यांना थांबवा. "हे कळलं नाही, पुन्हा सांग," म्हणा. कळले तर आपल्या शब्दांत त्यांना परत सांगून दाखवा. पोर थोडे ओशाळेल, पण उद्या तेच अधिकारी होऊन तुमच्यासाठी पत्रके लिहिणार आहे.

आपले स्वतःचे लेकरू शिकत असेल तर सुट्टीत त्यालाही वही घेऊन समोर बसवा. आईने ऐकावे, आजीने ऐकावे, अडेल तिथे टोकावे. मला त्या मावशींनी टोकले नसते, तर मी आजही "प्रतिबंधार्थ" आणि "हितावह" असेच लिहीत बसलो असतो.