सोलापूरची झरीना आणि आपल्या लेकींचा गळा

"मुलीच्या जातीनं एवढं मोठ्यानं गाऊ नये, शेजारी काय म्हणतील?" असं अजूनही काही घरांत ऐकू येतं. मैत्रिणींनो, आपल्या सोलापूरच्या फैय्याज १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली' या नाटकात झरीना म्हणून उभ्या राहिल्या आणि वसंतराव देशपांडे यांच्यासारख्या कसलेल्या गवयासमोर गायल्या. २०१५ साली बेळगावच्या नाट्यसंमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं.

हा मान बाईच्या आवाजाला फार उशिरा मिळाला, बरं का! १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' आलं, तेव्हा नायिकेची पदंसुद्धा पुरुषच गात. भाऊराव कोल्हटकर आणि पुढे बालगंधर्व यांनी स्त्रीभूमिका गाजवल्या. हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिका त्यानंतर रंगमंचावर आल्या.

तिकडे इटलीत १६०० च्या सुमारास ऑपेरा, म्हणजे तिथलं संगीत नाटक, सुरू झालं. पोपच्या रोममध्ये बायकांना रंगमंचावर मज्जाव होता. मग उंच पट्टीचा आवाज टिकावा म्हणून कोवळ्या मुलग्यांवर वयात येण्याआधीच शस्त्रक्रिया करीत! सूर बाईसारखा हवा, पण बाई नको.

त्या काळी मायक्रोफोन नव्हता. तरी गाणं शेवटच्या रांगेपर्यंत पोचे, ते ओरडून नव्हे, दमसासाच्या बळावर. इटलीतले गुरू एकच सूर हलकेच लावायला, हळूहळू फुलवायला आणि पुन्हा बारीक करीत विरवायला शिकवीत. तोसी या गायकाने १७२३ साली गायनावर पुस्तक लिहिलं, त्यातही हा अभ्यास आहे. आपल्याकडे पहाटे खर्ज लावतात, म्हणजे खालच्या सप्तकातला सा आकारात लांबवतात. वाटा दोन, पण पाया श्वासाचाच.

तुमची लेक गाणं शिकत असेल तर एवढं पाहा. पाठ ताठ, खांदे सैल. श्वास घेताना खांदे उचलू नयेत, पोट हलकेच पुढे यावं. पट्टी तिच्या गळ्याला झेपेल तीच ठेवा. घसा दुखला की रियाज थांबवा. आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला, तर काढ्यावर न भागवता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि सकाळचा अर्धा तास तिला घरकामातून मोकळीक द्या. शेजारणीनं विचारलंच, तर सांगा, "रियाज चाललाय!"