युद्धाचं चित्र : साक्ष नेमकी कशाची?

(भोकर येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

युद्धाचा इतिहास म्हटला की आपण तारखा, तह आणि सेनापतींची नावं शोधतो. आज आपण चित्रं बघू आणि त्यांना एकच प्रश्न विचारू : बाबा रे, तू साक्ष देतोस ती नेमकी कशाची?

सुरुवात घराजवळून करू. मराठवाड्यात वेशीपाशी, मारुतीच्या पाराजवळ, पडक्या देवळाच्या आवारात वीरगळ दिसतात. वीरगळ खालून वर वाचायचा. खाली लढाई आणि पडलेला वीर, मधे त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. खाली गायी कोरल्या असतील, तर तो गुरं राखताना पडला असं समजतात. बहुतेक दगडांवर नावही नसतं. लढाई कोण जिंकलं, हे हा दगड सांगत नाही. पण गुरांसाठी माणसं जीव देत होती आणि अशा मरणाला लोक स्वर्ग देत होते, हे तो स्पष्ट सांगतो.

आता व्यंगचित्राकडे येऊ. व्यंगचित्र क्षणात कळावं लागतं. त्यामुळे चित्रकार वाचकाच्या मनात आधीच असलेल्या कल्पनांवरच काम करतो. १८५७ चा उठाव पेटला होता, तेव्हा लंडनच्या ‘पंच’ साप्ताहिकात २२ ऑगस्टला जॉन टेनिएलचं चित्र आलं. एका इंग्रज स्त्रीवर आणि मुलावर बंगालचा वाघ बसलाय आणि ब्रिटिश सिंह त्याच्यावर झेप घेतोय. टेनिएल लंडनमध्ये बसून काढत होता. म्हणून हे चित्र कानपूर-दिल्लीचा पुरावा म्हणून फार उपयोगाचं नाही. लंडनच्या वाचकाला त्या आठवड्यात सूड किती न्याय्य वाटत होता, याचा मात्र हा पक्का पुरावा आहे. जूनमध्येच अलाहाबादेत कर्नल नीलच्या फौजेने लोकांना फासावर लटकावलं होतं. ते या चित्रात कुठेच नाही. चित्रात काय नाही, हेही वाचावं लागतं.

कुणी म्हणेल, फोटो तरी खोटं बोलत नाही ना? लखनौच्या सिकंदर बागेचा फेलिस बिआतोचा फोटो प्रसिद्ध आहे. पडकी इमारत आणि अंगणात विखुरलेली हाडं. लढाई झाली नोव्हेंबर १८५७ मध्ये, फोटो निघाला पुढच्या वर्षी. फोटोसाठी हाडं मांडून ठेवली होती, असं अनेक अभ्यासक मानतात.

मग विश्वास ठेवायचा तरी कशावर? चित्तप्रसादांचं उदाहरण घ्या. १९४३ साली महायुद्ध चालू असताना बंगालमध्ये दुष्काळ पडला. सुमारे तीस लाख माणसं गेली, असा अंदाज सांगितला जातो. चित्तप्रसाद मिदनापूर जिल्ह्यात फिरले, शाईने रेखाटनं केली, आणि सोबत काय पाहिलं तेही लिहिलं. त्यांची ‘हंग्री बेंगॉल’ ही पुस्तिका इंग्रज सरकारने जप्त करून नष्ट केली. कुटुंबाकडे एक प्रत उरली, म्हणून ती आज आपल्याला बघता येते. तेही तटस्थ नव्हते, कम्युनिस्ट पक्षाचं काम करत होते. पण कोण, कुठे, केव्हा, हे त्यांनी लपवलं नाही. त्यामुळे त्यांची साक्ष तपासता येते.

हे सगळं आम्ही भोकरमध्ये का सांगतोय? कारण हा भाग निजामाच्या राज्यात होता. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. लष्कर चालून गेलं, तरी नाव पडलं ‘पोलीस ॲक्शन’. त्याआधी रझाकारांचा जुलूम झाला आणि नंतरही काही भागांत सूडाने निरपराध माणसं मारली गेली. दोन्ही इतिहासच आहे. दर सप्टेंबरला मोबाईलवर चित्रं फिरतात : जळकी घरं, रांगेत प्रेतं. कुठली, कुणी काढलेली, कोणत्या सालातली, याचा पत्ता नसतो. अशा एका चित्रावरून आजच्या शेजाऱ्याबद्दल मत बनतं.

म्हणून दोन कामं करा. चित्र पुढे पाठवण्याआधी विचारा : कुणी काढलं, कधी, कुणासाठी, आणि चौकटीबाहेर काय राहिलं? आणि घरात त्या काळातला फोटो असेल, तर आजोबा-आजींना विचारून त्यातल्या माणसांची नावं, गाव आणि साल आजच मागे पेन्सिलीने लिहून ठेवा. वीरगळावरचं नाव आता कुणी सांगू शकत नाही. या फोटोंवरची नावं सांगणारी माणसं अजून आहेत.