फुफ्फुसातील सिस्ट: ऑपरेशननंतर काढलेली गाठ तपासायला का पाठवायची?

सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये ‘फुफ्फुसात सिस्ट’ असे लिहून आले की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘डॉक्टर, कॅन्सर तर नाही ना?’ बहुतेक वेळा नसतो. सिस्ट म्हणजे हवेने किंवा पाण्याने भरलेली पिशवी. आपल्या हिंगोली भागात मोठ्या माणसांत आधी टीबीने पडलेल्या पोकळीचा विचार करावा लागतो. कुत्र्यांच्या विष्ठेतील जंताच्या अंड्यांमुळे होणारी हायडॅटिड सिस्टही डोळ्यांसमोर ठेवावी लागते. मेंढपाळ कुटुंबांत तर नक्कीच. हायडॅटिडची शंका असेल तर सुई टोचून तपासण्याची घाई करू नका. पिशवी फुटली तर जिवावर बेतणारी ॲलर्जी होऊ शकते.

लहान मुलांचे प्रकरण वेगळे. त्यांच्यात बहुधा जन्मजात सिस्ट निघते. पण क्वचित एखाद्या बाळात ती ‘प्ल्युरोपल्मनरी ब्लास्टोमा’ नावाची कॅन्सरची गाठ असते. तिचा पहिला प्रकार नुसत्या पिशव्यांचा, साधारण दोन वर्षांच्या आतल्या मुलांत दिसणारा. स्कॅनवर तो जन्मजात सिस्टसारखाच दिसतो. नुसत्या फोटोवरून अनुभवी डॉक्टरही खात्री देऊ शकत नाहीत.

खात्री होते ती पॅथॉलॉजीत. पिशवीच्या अस्तराखाली कच्च्या पेशींचा थर आहे का, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. हा थर सगळीकडे सारखा नसतो, एखाद्याच कोपऱ्यात सापडतो. म्हणून गाठीचा एखादा तुकडा पाठवून भागत नाही, काढलेली गाठ पूर्ण पाठवावी लागते. निदान या टप्प्यावर झाले तर बरे होण्याची शक्यता चांगली असते. ते हुकले तर पुढे हाच आजार घट्ट, आक्रमक गाठीचे रूप घेऊ शकतो आणि मग केमोथेरपीही लागते.

आपल्याकडे ऑपरेशननंतर बरणी लॅबमध्ये पोचवण्याचे काम अनेकदा नातेवाईकच करतात. गाठ सलाइनमध्ये नव्हे, भरपूर फॉर्मॅलिनमध्ये बुडलेली आहे ना, हे निघण्यापूर्वी विचारा. बरणीवर नाव आणि बाजू (उजवी की डावी) लिहून घ्या. सोबत स्कॅनचा रिपोर्ट द्या आणि बाळाचे वय सांगा. घरात कुणाला लहान वयात थायरॉईडच्या गाठी किंवा मूत्रपिंडात सिस्ट झाल्या असतील तर तेही सांगा. या आजाराच्या बऱ्याच मुलांत ‘डायसर-वन’ या जनुकात जन्मतः दोष असतो आणि तो घराण्यात चालत येऊ शकतो.

रिपोर्टमध्ये शंका असेल तर लॅबकडून मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. ते घेऊन मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी दुसरे मत घेता येते, त्यासाठी मुलाचे पुन्हा ऑपरेशन करावे लागत नाही. खास रंगतपासण्यांमुळे रिपोर्टला उशीर होतो. तेवढ्यात ‘ऑपरेशन झाले, मूल खेळतेय’ म्हणून रिपोर्ट आणायचा राहून जातो, तसे होऊ देऊ नका.