लांगली आणि पेशीविभाजन

विभाजनापूर्वी मानवी पेशी सुमारे २ मीटर लांबीच्या डीएनएची प्रत काढते. मग तो घट्ट गुंडाळला जाऊन ४६ गुणसूत्रे स्पष्ट दिसू लागतात. तुर्कतंतू त्यांच्या प्रती दोन टोकांकडे ओढतात. आपल्या उपविषांतील लांगली, म्हणजेच कळलावी. तिच्या कंदातील व बियांतील कोल्चिसिन हे तंतूच बनू देत नाही. सज्ज गुणसूत्रे जागीच अडकतात. त्यामुळे विषबाधेत सतत विभागणाऱ्या पेशींवर मोठा आघात होतो. आतड्यांच्या अस्तरामुळे वांती-अतिसार आधी होतात. अस्थिमज्जेमुळे रक्तपेशींची घट काही दिवसांनी दिसते. म्हणून वांती थांबताच रुग्ण वाचला, असे आम्ही मानत नाही. संशय येताच त्यास रुग्णालयात पाठवावे. औषधालयचालकांनी अशोधित लांगली वेगळी, नावानिशी व कुलूपबंद ठेवावी, असा आमचा आग्रह आहे.