ट्राउटला फसवणारा तुडतुडा

उन्हाळ्यात काठच्या गवतातले तुडतुडे पाण्यात पडतात आणि ट्राउट मासा ते अलगद टिपतो. पेनसिल्व्हेनियातल्या लेटॉर्ट ओढ्यावर गळाने मासे धरणाऱ्या व्हिन्सेंट मरिनारो यांनी हे बारकाईने पाहिले.

मासा किड्याकडे खालून पाहतो. उन्हाला पाठ करून उभ्या माणसाचा चेहरा दिसत नाही, तशी त्याला मुख्यतः काळसर आकृती दिसते. जाडी कळत नाही. म्हणून नकली तुडतुडा करताना मरिनारोंनी बारीक गळावर पिसाचे वेढे दिले, वर-खाली कातरले आणि माथ्यावर रानकोंबड्याच्या मानेचे चकचकीत पीस आडवे बसवले. झाला तुडतुडा! बाजूंना पसरलेले तंतू त्याला तरंगते ठेवतात.

नकली नाकतोड्यासाठी मात्र हरणाचे केस वापरतात. त्यांच्या आत हवा असते, म्हणून ते तरंगतात. हा नाकतोडा पाण्यावर थपकन पडला तरी चालते. खराही तसाच पडतो.